एका बाकावरच्या दोन गिटारी

संक्रांत जवळ आली की शिरूरहून केंदूरकडं जाताना शेताशेतातून धुराच्या बारीक रेघा वर चढताना दिसतात. गोवऱ्यांचा धूर. आगटी पेटलेली असते, निखाऱ्यांत ज्वारीची हिरवी कणसं खुपसलेली असतात आणि कुणीतरी ती काढून गरमगरम तळहातावर चोळत असतं. गाडीची काच खाली केली की वास आत येतो, थोडा दुधाचा, थोडा राखेचा. या वासानं सगळ्यांना भूक लागते. मलाही लागते, पण त्याच्या आधी मला दोन गिटारी ऐकू येतात. यंदाही आल्या. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि जरा वेळ तशीच बसून राहिले.

काही हंगाम पिकाचे असतात, काही माणसांचे. माझा तो हुरड्याचा हंगाम दोन म्हाताऱ्यांचा होता.

मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पोलादी पिना मोजायच्या, हे माझं काम. दिवसाला दोन-अडीचशे पिना मायक्रोमीटरखालून जातात. पहिली पिन आणि शेवटची पिन यांच्यात केसाइतकाही फरक असता कामा नये. फरक दिसला की लाल डब्यात. वर्षानुवर्षं हे केलं की डोळ्यांना तशी खोडच लागते. पोळ्या लाटतानाही मी मनात त्या एकमेकींशी जुळवून बघते.

उस्मानचाचांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती स्कूटीचं सीट फाटलं म्हणून. शिरूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं सीट कव्हर शिवायचं दुकान. रविवार होता, दुपारचे बारा वाजले असतील. शटर अर्धं खाली होतं आणि आतून गिटार ऐकू येत होती. मी वाकून आत डोकावले. फोमच्या चळतींमध्ये, रेक्झिनच्या गुंडाळ्यांना पाठ टेकून दोन म्हातारे समोरासमोर स्टुलांवर बसले होते. एक उस्मानचाचा, पांढरी दाढी, गळ्यात शिंप्याची टेप. दुसरे उंच, गोरटेले, चेक्सच्या शर्टात, डोळे मिटलेले. ते डेन्झिलमामा.

ते काय वाजवत होते ते मला कळलं नाही. एक साधीशी चाल होती, चालता चालता गुणगुणावी अशी. ती संपली आणि त्यांनी तीच परत सुरू केली. निदान मला तसं वाटलं. पण या वेळी ती गल्लीबोळांतून गेली. डेन्झिलमामांनी एक वाक्य टाकलं, उस्मानचाचांनी ते अर्धं उचललं, उलटं केलं आणि परत दिलं. मामा डोळे न उघडता हसले. तिसऱ्या फेरीला मूळ चाल कुठंच नव्हती, आणि तरी होती. घरात माणूस दिसत नसलं तरी ते आहे हे जसं कळतं तशी. सीटचं सांगायचं विसरून मी शटरखाली वाकूनच उभी राहिले. कंबर भरून आली तेव्हा भान आलं.

"बया, आत या की," उस्मानचाचा म्हणाले. "असं वाकून ऐकल्यावर मान धरंल."

मी आत गेले ती पुढची दोन वर्षं दर रविवारी जात राहिले.

डेन्झिलमामा दौंडचे, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. त्यांचे वडीलही रेल्वेत. कॉलनीच्या हॉलमध्ये पूर्वी नाच व्हायचे, तिथं वडील गिटार वाजवायचे आणि ती जुनी अमेरिकन गाणी त्यांनी एका वहीत उतरवून ठेवली होती. वहीत गाण्यांना नावं नव्हती, नुसते नंबर. उस्मानचाचा तरुणपणी ऑर्केस्ट्रात होते. ऑर्केस्ट्रा मोडला, हातात सुई-दोरा आला. मामा एकदा मोटरसायकलचं सीट शिवायला आले आणि भिंतीवर टांगलेली गिटार त्यांना दिसली, एवढीच त्यांच्या दोस्तीची गोष्ट. तेव्हापासून तीस वर्षं मामा दर रविवारी भीमेचा पूल ओलांडून, न्हावऱ्यावरून शिरूरला येत होते. पाठीवर गिटार, डब्यात मामींनी दिलेला केक.

"ह्यांना स्टँडर्ड म्हणतात," मामांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्याकडं स्टँडर्ड म्हणजे ज्याच्याशी बाकी सगळं तंतोतंत जुळलं पाहिजे असा नमुन्याचा तुकडा. तो मखमलीच्या डबीत ठेवतात. इथं स्टँडर्ड म्हणजे ज्याच्यापासून हवं तेवढं लांब जायचं, पण घरची वाट विसरायची नाही, असं गाणं.

मी वाजवायला शिकले नाही. मी ऐकायला शिकले, आणि तेही शिकावं लागतं. सुरुवातीला मी कधी एकाकडं बघायची, कधी दुसऱ्याकडं. मामा म्हणाले, "मनीषा, एकाला पकडू नको. दोघांच्या मधे बघ. म्युझिक तिकडे आहे." खरंच, त्या दोन स्टुलांमधल्या हातभर जागेत काहीतरी घडायचं. मी बोटांवर मोजायला लागले. आठ-आठ मात्रांच्या नाही, चार ठोक्यांचं एक घर अशा आठ-आठ घरांच्या चार ओळी. पहिली, तशीच दुसरी, तिसरी दुसऱ्या मुलखात जाऊन येणारी आणि चौथी पुन्हा घरी. बत्तीस घरं. तेवढ्यात दोन माणसं एकमेकांना काय काय सांगत होती! आठवडाभर फरक शोधून तो लाल डब्यात टाकणारी मी, रविवारी फरकाचीच वाट बघत बसायची.

आणि म्हणूनच बहुतेक, ती चूक माझ्या लक्षात आली.

त्या वर्षी दिवाळीनंतरचा एक रविवार. वहीतलं अकरा नंबर चालू होतं. तिसऱ्या ओळीत मामांनी दोन घरं आधीच उडी घेतली. माझी बोटं हवेत थांबली. पण गाणं थांबलं नाही. उस्मानचाचांनी डोळ्याची पापणीही न हलवता आपली दोन घरं गाळली, खालचे कॉर्ड बदलले आणि मामांच्या बरोबर जाऊन उभे राहिले. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, हे असंच ठरलेलं होतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तीनदा. मामा चुकायचे, चाचा ती चूक बरोबर करून टाकायचे. मी चाचांकडं बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली, बोलू नको म्हणून.

मी बोलले नाही. पण मी मोबाइलवर रेकॉर्डिंग करत असे आणि संध्याकाळी दोघांना पाठवत असे. त्याही दिवशी पाठवलं. सवयीनं. मामांनी घरी हेडफोन लावून, आवाज पूर्ण चढवून ते ऐकलं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. फोन आला तो चाचांना. "उस्मान, तू मला सांभाळतोयस. किती दिवस?" एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला.

चाचांनी मशीनवर टाकलेलं रेक्झिन तसंच सोडलं. "कान गेलं त्याचं," ते म्हणाले. "मला दसऱ्यापासनं ठावं हाय. आयुष्यभर इंजनात बसला, दुसरं काय व्हनार? पन हे असं कळायला नगं हुतं." मला त्या क्षणी जमिनीत गेले तर बरं असं झालं. ते कळवलं मीच होतं.

दोन रविवार रिकामे गेले. दुकानात मामांचं स्टूल तसंच होतं आणि कुणी गिऱ्हाईक त्यावर बसायला लागलं की चाचा दुसरं पुढं करायचे. तिकडं केंदूरला आमच्या शेतात दादानं त्या वर्षी पहिल्यांदाच हुरडा पार्टी सुरू केली होती. मंडप घातला होता, झोके बांधले होते, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. पुण्याच्या एका सोसायटीची साठ माणसं जानेवारीतल्या एका रविवारी येणार होती आणि त्यांना 'लाइव्ह म्युझिक' हवं होतं. दिवाळीतच मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते, माझ्याकडं दोन वाजवणारे आहेत.

"तुझं ते गिटारवालं येनार हायत ना?" दादा फोनवर विचारायचा. "न्हाईतर मी डीजे सांगतो."

"येणार आहेत," मी म्हणायचे आणि फोन ठेवून नखं खायचे.

शेवटी मी आणि चाचा, त्यांची गिटार घेऊन, एसटीनं दौंडला गेलो. रेल्वे कॉलनीच्या बाहेर मामांचं बैठं घर, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात एक लांबलचक सागवानी बाक. स्टेशनवरचे जुने बाक लिलावात निघाले तेव्हा मामांनी घेतलेला. मामी दार उघडून बाजूला झाल्या. मामा बाकाच्या एका टोकाला बसले होते. गिटारीची पेटी बंद होती.

"डॉक्टरकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "उजवा गेला. डावा अर्धा आहे. मशीन लावून बघितलं, तर गिटार पत्र्यासारखी वाजते."

"आरं पन हातं तर चांगली हायत ना तुझी," चाचा म्हणाले.

"हात काय करणार? ड्युएट म्हणजे गप्पा, उस्मान. समोरच्याचं ऐकू येत नाही आणि आपण बोलतच राहिलो, तर ते भाषण होतं. मला भाषण करायचं नाही."

मला एक सुचलं, आणि ते माझ्या धंद्यातलं होतं. कारखान्यात एखादं मशीन बिघडलं म्हटलं की आम्ही आधी विचारतो, नेमकं कुठं बिघडलं, किती बिघडलं? 'बिघडलं' हे उत्तर नसतं. मी पर्समधून इन्स्पेक्शनची डायरी काढली.

"मामा, भिंतीकडं तोंड करून बसा. चाचा एकेक सूर वाजवतील. ऐकू आला की बोट वर करायचं."

"हे काय, मुलाखत आहे?"

"तपासणी आहे."

मामी खुदकन हसल्या. मामा कुरकुरत वळले. चाचांनी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून सर्वांत जाड तारेपासून सुरुवात केली. एकेक पडदा. बोट वर. बोट वर. मी लिहीत गेले : ओके, ओके, ओके. जाड तीन तारा पूर्ण ओके. चौथीलाही बोट वर गेलं. मग बारीक तारांवर, वरच्या पडद्यांकडं सरकताना बोट अडखळायला लागलं आणि शेवटच्या तारेच्या सातव्या पडद्यापुढं ते उठेचना. चाचा वाजवत होते, सूर व्हरांडाभर चमकत होते आणि मामा भिंतीकडं तोंड करून, हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले होते. मामींनी तोंड फिरवलं. मी लिहिलं, एनजी, म्हणजे नापास. पुन्हा पुन्हा लिहिलं.

पण कागद हातात आल्यावर वेगळंच दिसलं. "मामा, हे बघा. शंभरातले ऐंशी सूर तुम्हाला येतात. गेलाय तो नुसता वरचा मजला."

मामांनी चष्मा लावून डायरी बघितली. पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आणि एक गोष्ट. उस्मान, तू आत्ता पायानं ठेका धरला होतास?"

"धरला असंल. सवय हाय."

"मला बाकातून कळत होता."

आम्ही तिघंही त्या बाकाकडं बघायला लागलो. इतकी वर्षं ते समोरासमोर बसत होते, दोन वेगळ्या स्टुलांवर. चाचा उठून मामांच्या डाव्या बाजूला, चांगल्या कानाकडं, खांद्याला खांदा लावून बसले. पाय बाकाच्या आडव्या दांडीवर. मामांनी पेटी उघडली. अकरा नंबर, पण सगळं खालच्या तारांवर. चाचांनी वरचा मजला जाणूनबुजून रिकामा ठेवला. चाल जाड झाली, सावकाश झाली, विहिरीतून बोलल्यासारखी गंभीर झाली. तिसऱ्या ओळीला मी बोटांवर घरं मोजायला लागले. मामा बरोबर घरावर आले. चाचांनी त्यांना एक वाक्य दिलं, मामांनी ते उलटं करून परत दिलं. गप्पा होत्या त्या. मामी आत गेल्या त्या चहा ठेवायला म्हणून, पण चहा काही लवकर आला नाही.

आज इतक्या वर्षांनी कधीकधी वाटतं, ते संगीत मला सगळ्यांत जास्त त्या व्हरांड्यात कळलं. सुचेल ते वाजवणं म्हणजे मनाला येईल तसं उधळणं नव्हे. जे हाताशी उरलं आहे ते नीट बघायचं आणि त्यातूनच वाट काढायची. हे त्या दोघांना गाण्यात तीस वर्षं येत होतं. त्या दिवशी त्यांनी ते जगण्यात केलं.

तो बाक दौंडहून केंदूरला दादाच्या पिकअपमधून आला. दादा वाटभर बडबडत होता. "पन्नास खुर्च्या मांडल्यात रानात, आन् ही बया साठ किलोमीटरवरनं बाक आनायला लावतीय!"

रविवार उजाडला. थंडी सरून ऊन अंगाला गोड लागत होतं. सोसायटीची माणसं आली, मुलं झोक्यांवर तुटून पडली. आगटीपाशी आबा, माझे वडील, डोक्याला मफलर गुंडाळून कणसं चोळत होते. गूळभेंडी ज्वारीचा हुरडा, लसणाची चटणी, घट्ट दही. आंब्याच्या झाडाखाली बाक मांडला होता. मामा आणि चाचा येऊन बसले तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, "काका, नवी गाणी वाजवता का हो?" मामांना ऐकू गेलं नाही. त्यांनी हसून मान डोलावली. दुसरा एक जण मोबाइलचा स्पीकर जोडायची तयारी करायला लागला. दादानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.

चाचांनी पायानं चार ठोके दिले. बाकानं ते मामांना पोचवले आणि अकरा नंबर सुरू झालं.

पहिल्या फेरीला लोक खातच होते. दुसऱ्या फेरीला स्पीकर जोडणारा हातात वायर घेऊन तसाच थांबला. झोक्यावरची एक बाई पाय टेकवून हलायची थांबली. खालच्या तारांचा तो भरदार आवाज आंब्याच्या सावलीत पसरत होता. चाचांनी प्रश्न टाकला, मामांनी उत्तर दिलं. चाचांनी खोडी काढली, मामांनी ती परतवली. चुलीवर भाकरी टाकणाऱ्या आमच्या काकू हात पुसत मंडपाच्या खांबापाशी आल्या. मी दोघांच्या मधे बघत होते. तिथं आता हातभरही जागा नव्हती, खांदे टेकलेले होते, तरी सगळं तिथंच घडत होतं.

चौथी फेरी. चाचांनी मान हलवली, आता संपवू. आणि मामांनी नाही म्हटलं. त्यांचा डावा हात गिटारीच्या मानेवरून सरकायला लागला. वर. पाचवा पडदा, सातवा, नववा. शेवटच्या बारीक तारेवर. मी उभीच राहिले. तिथलं त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. माझ्या डायरीत तसं लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात. चाचांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पण त्यांनी खालचा ठेका सोडला नाही, उलट पाय आणखी जोरात मारला, की बाकातून सगळं पोचावं. त्या ठेक्यावर उभं राहून मामा वाजवत होते. डोळे मिटलेले. दहावा, बारावा, त्याच्याही पुढं. साठ वर्षांची बोटं स्वतःच्या आठवणीवर चालत होती. एकेक सूर स्वच्छ, लखलखीत, उन्हात टांगल्यासारखा. तिथल्या सगळ्यांना तो ऐकू येत होता, फक्त वाजवणाऱ्याला नाही.

तिसरी ओळ आली. माझी बोटं मोजत होती. सहा, सात, आठ. आणि मामा चौथ्या ओळीच्या पहिल्या घरावर उतरले, चाचांच्या ठोक्यावर, तंतोतंत. चाचा मोठ्यानं ओरडले, "वा रं वाघा!" मामांना तेही ऐकू गेलं नाही, पण खांद्यातून धक्का पोचला आणि ते हसायला लागले. हसत हसतच दोघांनी शेवटचा कॉर्ड मारला.

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की आंब्यावरचे पोपट उडाले. दादा दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. मामांनी डोळे उघडले, समोर साठ माणसं उभी. त्यांनी घाबरल्यासारखं माझ्याकडं बघितलं. मी जवळ गेले.

"कसं लागलं?" त्यांनी विचारलं. "खरं सांग. एनजी?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले. "सगळं ओके, मामा. एकूण एक ओके."

त्यांनी डोळ्यांवरून मनगट फिरवलं आणि गिटार पेटीत ठेवायला वाकले. तेवढ्यात आगटीपाशी बसलेले आबा उठून आले. आबा गावच्या भजनात चाळीस वर्षं पखवाज वाजवतात. माझ्या रविवारच्या शिरूरच्या फेऱ्यांना ते 'पोरीचं खूळ' म्हणायचे. ते बाकासमोर उभे राहिले. हात राखेनं काळे, तळव्यावर चोळलेला हुरडा. त्यातला निम्मा त्यांनी चाचांच्या हातावर घातला, निम्मा मामांच्या.

"पावनं," आबा म्हणाले, "तेच वाजवा पुन्ना. पन तसंच नगा वाजवू."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हणाले?"

मी त्यांच्या कानात आबांचे शब्द जसेच्या तसे ओरडून सांगितले. मामांनी आबांकडं बघितलं, मग चाचांकडं. हुरडा तोंडात टाकला, हात पँटला पुसले आणि गिटार परत मांडीवर घेतली. आबांनी तिथंच, बाकासमोर मातीत, मांडी घातली.

चाचांनी पाय उचलला.